वाचकांचे प्रश्न : सीमाभागात एचआयव्ही कोणत्या वाटांनी पसरला

गेल्या अंकात एका वाचक भगिनीला उत्तर देताना मी लिहिले होते की, आयुष्यभर एकाच पुरुषाशी संबंध ठेवलेल्या बाईलाही एचआयव्हीची लागण होऊ शकते, आणि आपल्या सीमाभागात देवीला मुली सोडण्याच्या प्रथेचा या साथीशी जवळचा संबंध होता. त्या दोन वाक्यांवर चिकोडी, अथणी, खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहरातून बरीच पत्रे आली. काही रागाची होती, काही घाबरलेली होती, आणि काहींनी मलाच विचार करायला लावला. त्यांतील पाच पत्रे येथे घेत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

चिकोडी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक : "विकसनशील देशांत एचआयव्ही पसरण्याची कारणे म्हणून दारिद्र्य आणि निरक्षरता हीच दोन नावे आम्ही वर्गात सांगत आलो. आमच्याकडे कृष्णेचे पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत, घरटी एक तरी मूल शिकलेले आहे. तरीही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावोगावची कर्ती माणसे या रोगाने गेली. ती का गेली?"

गुरुजी, वर्गात सांगितलेले उत्तर चुकीचे नव्हते, ते अपुरे होते. दारिद्र्य हेच मूळ कारण असते तर देशातील सर्वांत गरीब राज्यांत हा संसर्ग सर्वांत जास्त आढळला असता. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लाखभर लोकांचे रक्त तपासले गेले, तेव्हा देशाचे प्रमाण 0.28 टक्के असताना कर्नाटकाचे 0.69 आणि महाराष्ट्राचे 0.62 टक्के निघाले, आणि उत्तर प्रदेशासारख्या कितीतरी गरीब राज्यात ते देशाच्या सरासरीहूनही बरेच खाली होते. आफ्रिकेतही हेच दिसते. बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिका हे त्या खंडातील तुलनेने सधन देश, आणि साथीचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या देशांत त्यांचीच गणना होते. म्हणजे पैसा नसणे एवढ्याने हा विषाणू पसरत नाही. काहींच्या हाती रोख पैसा आणि काहींच्या हाती काहीच नाही, आणि त्यांना जोडणारा रस्ता आहे, अशा ठिकाणी तो झपाट्याने पसरतो. आपला सीमाभाग नेमका तसा आहे.

हे नीट समजण्यासाठी विषाणूची एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. एचआयव्ही हा सहज पसरणारा विषाणू नाही. लागण झालेल्या व्यक्तीशी आलेल्या एका संबंधातून तो पुढे जाण्याची शक्यता सरासरीने हजारात एखादी, एवढी थोडी असते. मग साथ कशी आली? दोन परिस्थितींत ही शक्यता अनेक पटींनी वाढते. पहिली म्हणजे दोघांपैकी एकाला गुप्तरोगाची जखम असते तेव्हा, आणि दुसरी म्हणजे लागण नुकतीच, काही आठवड्यांपूर्वी झालेली असते तेव्हा, कारण त्या काळात रक्तातील विषाणूंची संख्या प्रचंड असते आणि माणसाला साध्या तापापलीकडे काही जाणवत नाही. त्यामुळे माणसाचे एकूण किती जणांशी संबंध आले यापेक्षा ते एकाच काळात किती जणांशी होते, त्यांच्यातील गुप्तरोगावर उपचार झाला की तो लपवून ठेवला गेला, आणि निरोध वापरला गेला की नाही, यांवर साथीचा वेग ठरतो. जिथे असे एकमेकांत गुंतलेले संबंध वर्षानुवर्षे एका ठिकाणी चालू राहतात, तिथे हजारात एक ही शक्यताही गाव पोखरते.

आता आपला भाग पाहू. 1986 मध्ये चेन्नईत देशातील पहिल्या लागणींची नोंद झाली, तेव्हा हा शहरांचा रोग मानला गेला, आणि आपल्याकडेही बराच काळ 'मुंबईचा रोग' असेच म्हटले जाई. पण 2003 च्या सुमारास शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात सर्वसामान्य लोकवस्तीची पाहणी झाली, तेव्हा प्रौढांमध्ये प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते. भारतात हे अपवादात्मक होते. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने जिल्ह्यांची वर्गवारी केली, तेव्हा बेळगाव, बागलकोट आणि विजापूर हे तिन्ही जिल्हे सर्वाधिक जोखमीच्या 'अ' गटात आले. ज्या जिल्ह्यात प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या शंभर गरोदर बायांपैकी एकीहून अधिक जणी बाधित आढळत, तो जिल्हा या गटात जाई. या बाया घरच्या होत्या, हे मी मुद्दाम लिहितो.

खेड्यांत हे कसे घडले याचे उत्तर देताना पुष्कळ लोक राष्ट्रीय महामार्गाकडे बोट दाखवतात. पुणे-बंगळूर रस्ता निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जातो, त्यावर ट्रक थांबतात, ढाबे आहेत, हे खरेच आहे. तरी माझ्या मते महामार्गाला त्याच्या वाट्याहून अधिक दोष दिला गेला. ट्रकचालक परका असतो, त्याच्या माथी मारणे सोपे जाते. अधिक मोठी गोष्ट अशी की, आपल्या भागात देहविक्रय शहरातील एखाद्या गल्लीत बंदिस्त नव्हता. तो गावाच्या कडेच्या वस्तीत, घराच्या उंबऱ्याआत चालत होता, आणि त्याचे गिऱ्हाईकही गावचेच होते. देवीला सोडलेल्या मुलींची, म्हणजे देवदासींची, ही वस्ती. कर्नाटक सरकारच्या 1993-94 आणि 2007-08 च्या दोन सर्वेक्षणांत मिळून 46,660 देवदासींची नोंद झाली, आणि त्यांतील बहुतेक जणी उत्तर कर्नाटकातील आहेत. अभ्यासांतून असेही दिसले की, देहविक्रय करणाऱ्या इतर बाया साधारण विशी ओलांडल्यावर या व्यवसायात आल्या होत्या, तर देवदासी सरासरी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच. त्या वयात मुलीचे शरीरही पुरते वाढलेले नसते, इजा लवकर होते आणि लागणही लवकर होते. 'निरोध वापरा' असे सांगण्याचे बळ तर त्या वयात कुणातच नसते.

त्यांच्यापैकी अनेक जणींना मुंबईला, पुण्याला, सांगलीला नेले जाई. कामाठीपुऱ्यात बेळगाव-विजापूरकडच्या मुलींची संख्या किती होती हे जुन्या पिढीतील लोकांना ठाऊक आहे. आजारी पडल्यावर त्या परत गावी येत आणि गावी पुन्हा कुणीतरी येणारा असेच. दुसरीकडे पुरुषही घराबाहेर होते. अथणीच्या कोरडवाहू पट्ट्यातून, रायबाग-गोकाककडून, खानापूरच्या डोंगराळ गावांतून माणसे गोव्याला, मुंबईला, इचलकरंजीला कामाला जात, एका खोलीत दहा-बारा जण राहत आणि सणाला किंवा पेरणीला घरी येत. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत हेच घडले होते. लेसोथोसारख्या शेजारच्या देशांतून आलेल्या मजुरांना बायकामुलांशिवाय केवळ पुरुषांच्या वसतिगृहांत ठेवले गेले, त्या वसतिगृहांच्या भोवती देहविक्रय वाढला आणि मजूर सुटीत घरी गेले तेव्हा विषाणू खेड्यात गेला. ज्या कामगाराला कुटुंब सोबत ठेवता येईल एवढी मजुरी आणि जागा मिळत नाही, त्याच्या मजुरीची किंमत त्याच्या घरातील बाई चुकवते.

साथ एकदा घरात शिरली की ती दारिद्र्य निर्माण करते, हे तुमच्या वर्गातील उत्तराला जोडून घ्यावे. कर्ता पुरुष आजारी पडतो, आधी दागिने जातात, मग एक-दोन एकर जातात, आणि त्याच्या माघारी विधवेला सासरचा वाटा नाकारला जातो. माहेरीही जागा नसलेल्या त्या बाईपुढे जे मार्ग उरतात, त्यांतील काही पुन्हा लागणीकडेच नेतात. अशा रीतीने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होत राहते, म्हणून एकाच कारणाचे नाव घेऊन भागत नाही.

बेळगावातील एक भाविक : "तुमच्या मागील उत्तराने यल्लम्मा देवीची आणि सौंदत्तीच्या डोंगराची बदनामी झाली. आमच्या घरात चार पिढ्या डोंगराची वारी आहे. देवीच्या भक्तीचा आणि एड्सचा काय संबंध?"

भक्तीचा काहीही संबंध नाही, आणि मागील अंकात तसा अर्थ निघाला असल्यास मला मनापासून खेद वाटतो. माघी पौर्णिमेला बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून, पायी डोंगराला जाणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांनी मुलगी सोडण्याचा विचारही कधी केलेला नाही. संबंध आहे तो एका विशिष्ट विधीचा. गळ्यात मण्यांची माळ बांधून मुलीला देवीच्या नावे सोडायचे, त्यानंतर तिचे लग्न होऊ शकत नाही असे ठरवायचे, आणि मग तिच्या शरीरावर गावातील कुणातरी ऐपतदार माणसाचा हक्क मानायचा, या व्यवहारात देवीचे नाव पुढे केले जाते आणि फायदा दुसऱ्यांचाच होतो. सोडल्या गेलेल्या मुली बहुतांश दलित कुटुंबांतील होत्या, आणि उपभोगणाऱ्यांत वरच्या जातींचे जमीनदार होते, ही वस्तुस्थिती आहे. मुलगा नाही म्हणून, केसांत जट आली म्हणून, घरात सतत आजार आहे म्हणून मुलगी सोडली जाई. जट म्हणजे केसांची निगा न राहिल्याने झालेला गुंता, हे सांगून ती कापून देण्याचे काम आपल्या भागात कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केले आहे.

या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्येच कायदा झाला होता, आणि कर्नाटकाने 1982 मध्ये स्वतंत्र कायदा केला. कायद्याने उघड विधी जवळजवळ थांबले. मात्र विधी थांबल्याने आधी सोडलेल्या बायांचे पोट भरत नाही, आणि त्यांच्या मुलींच्या लग्नाचा प्रश्नही सुटत नाही. काही जणींना तर कायद्याच्या भीतीने आरोग्य केंद्रात जाऊन आपण कोण आहोत हे सांगणेच अवघड झाले. 2005-06 च्या सुमारास बेळगाव जिल्ह्यात देहविक्रय करणाऱ्या बायांची तपासणी झाली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश बाया बाधित आढळल्या होत्या. तुमच्या घरची चार पिढ्यांची वारी आणि या बाया एकाच डोंगराच्या पायथ्याशी उभ्या राहतात, म्हणून मी ते लिहिले.

पुढे लागणीच्या प्रमाणात जी घसरण झाली तिचे मोठे श्रेय याच बायांना आहे, हेही लिहिले पाहिजे. सांगलीच्या संग्राम संस्थेने 1992 पासून आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने सीमेच्या दोन्ही बाजूंना, निपाणीपर्यंत, काम केले. घटप्रभेच्या परिसरात माजी देवदासींनी स्वतःची संघटना बांधली. 2003 नंतर एचआयव्ही रोखण्यासाठीच्या 'अवाहन' कार्यक्रमाचा पैसा उत्तर कर्नाटकात आला, तेव्हा वस्तीतील बायांनाच प्रशिक्षण देऊन निरोध वाटपाचे आणि गुप्तरोगाच्या तपासणीचे काम सोपवले गेले. एकटीने 'निरोधाशिवाय नाही' म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. सगळ्या वस्तीने एकाच दिवशी तसे म्हटले तर त्याला ऐकावे लागते. थायलंडने 1991 पासून देशभर सर्व व्यवसायस्थळी निरोध सक्तीचा केला, त्यामागील तर्क हाच होता. फरक एवढाच की, तिथे सरकारने वरून सक्ती केली आणि आपल्याकडे बायांनी आपसात ठरवले. मला आपल्याकडची रीत अधिक टिकाऊ वाटते.

खानापूर तालुक्यातील एक भगिनी : "माझे पती गोव्यात कामाला असतात. तीन महिन्यांपूर्वी ताप आणि खोकला घेऊन आले, मिरजेला दाखवले, तेव्हा एचआयव्ही निघाला. मला त्यांनी नव्हे, दिरांनी सांगितले. सासूबाई म्हणतात, तपासायला जाऊ नकोस, गावात कळेल. मला दुसरे मूल हवे होते. मी काय करू?"

ताई, सर्वांत आधी तपासणी करून घ्या, आणि ती लवकर करा. जवळचे सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, तिथे ही तपासणी विनामूल्य होते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. गावात कळण्याची भीती वाटत असल्यास तालुक्याऐवजी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जा. तेही नको वाटल्यास 1097 या विनाशुल्क क्रमांकावर आधी बोला. तपासणी निगेटिव्ह आली तर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा करा, कारण लागण अगदी अलीकडची असेल तर पहिल्या तपासणीत ती दिसत नाही. तोपर्यंत निरोधाशिवाय संबंध ठेवू नका. हे पतीला सांगणे अवघड वाटत असेल तर केंद्रातील समुपदेशकाला दोघांना एकत्र बोलवायला सांगा, ते त्यांचे कामच आहे.

पतीचा ताप आणि खोकला क्षयरोगाचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याची तपासणी झाली आहे का हे पाहा. मिरजेला खासगीत औषधे चालू केली असली तरी पुढचे सर्व उपचार सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, विनामूल्य मिळतात. 2004 पासून ही सोय आहे, आणि 2017 पासून तर लागण कळताच, प्रकृती खालावण्याची वाट न पाहता, औषध सुरू केले जाते. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो, आणि तो तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मोठमोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. त्यामुळे दुसऱ्या मुलाचा विचार कायमचा सोडून देण्याचे कारण नाही. तुम्ही स्वतः बाधित निघालात तरीही आईने औषध घेतल्यास आणि बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध दिल्यास बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत येते. काहीच न केल्यास ती 15 ते 45 टक्क्यांपर्यंत असते. मात्र मूल कधी व्हावे हे एआरटी केंद्रातील डॉक्टरांशी बोलून, विषाणूची मोजणी पाहून ठरवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की, सासरच्यांनी बाहेर काढले तर जाणार कुठे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 2017 मध्ये झाला आणि सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार बाधित व्यक्तीला आणि तिच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयालाही राहत्या घरातून या कारणाने काढता येत नाही, संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही, आणि कुणाचा अहवाल परस्पर उघड करता येत नाही. दिरांना तुमच्याआधी कळले ही गोष्ट मला फार खटकली. पतीने स्वतः तुम्हाला सांगावे यासाठी समुपदेशकाने त्यांना तयार करायला हवे होते, आणि त्यांनी नकारच दिला असता तर तुम्हाला धोका आहे हे पाहून डॉक्टर किंवा समुपदेशक तुम्हाला सांगू शकले असते, अशी तरतूद याच कायद्यात आहे.

सासूबाईंवर रागावू नका असे मी म्हणणार नाही, पण त्यांची भीती कुठून येते हे मला माहीत आहे. मी या कामात पडलो तेव्हा जवळचे केंद्र सोडून दोन बस बदलून तिसऱ्या तालुक्यात तपासायला येणारी माणसे रोज पाहत होतो. आपल्या गावच्या परिचारिकेने ओळखू नये म्हणून पदर डोळ्यांपर्यंत ओढलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. लाज आणि गुप्तता यांमुळे तपासणी उशिरा होते, उशीर झाला की विषाणू वाढलेला राहतो, आणि तेवढ्या काळात तो आणखी एकाकडे जातो. साथ पसरण्याच्या कारणांत मी या भीतीला फार वरचे स्थान देतो. सासूबाईंना एकदा सोबतच घेऊन जा, ताई. केंद्रात बसलेली इतर माणसे त्यांनी पाहिली की अर्धी भीती तिथेच जाईल.

अथणी तालुक्यातील एक ऊस उत्पादक : "गळीत हंगामात बाहेरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांची तपासणी केल्याशिवाय गावात कोप्या टाकू देऊ नयेत, असा ठराव करण्याचा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का?"

नाही. सक्तीची तपासणी बेकायदेशीर आहेच, ती निरुपयोगीही आहे, कारण आज निगेटिव्ह आलेला माणूस उद्या निगेटिव्ह राहीलच असे नाही, आणि तुमच्या गावातील कुणी बाधित नाही हे तुम्ही गृहीत धरले आहे. टोळीतील माणसे उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आलेली असतात. मुकादमाला अंगावरचे पैसे फेडायचे म्हणून आजारी असतानाही त्यांना फडात जावे लागते, आणि ज्यांचे औषध मूळ गावच्या केंद्रात चालू आहे त्यांचे ते पाच-सहा महिने तुटते. औषध तुटले की विषाणू पुन्हा वाढतो. धोका तिथे आहे. कोपीत राहणाऱ्या बायांवर मुकादमाकडून, गावातील माणसांकडून होणाऱ्या बळजबरीचाही विचार तुमच्या ठरावात दिसत नाही, तो व्हायला हवा. तुम्हाला खरोखर काही करायचे असेल तर हंगामाच्या सुरुवातीला प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक फडावर बोलवा, संध्याकाळच्या वेळी बोलवा म्हणजे माणसे भेटतील, आणि ताप-खोकला, रक्तदाब, गरोदर बायांची तपासणी या सगळ्यांबरोबर ज्याला हवी त्याला ही तपासणीही करता येईल.

याच पत्रात त्यांनी जत्रेतील गोंदण, न्हाव्याचा वस्तरा आणि डास यांविषयीही विचारले आहे. डासाने एचआयव्ही होत नाही. वस्तऱ्याने होण्याची शक्यता अगदी नगण्य आहे, तरी पाते नवे असावे. गोंदणाची सुई मात्र प्रत्येकाला वेगळी हवी. याहून मोठी चिंता मला गावोगावच्या बोगस डॉक्टरांच्या सुईची वाटते. 2018 मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात एकाच सुईने अनेकांना इंजेक्शने दिल्यामुळे लागण झाल्याचा प्रकार उघडकीस आला होता, आणि पाकिस्तानातील रातोदेरो येथे 2019 मध्ये शेकडो लहान मुले अशाच निष्काळजी सुयांमुळे बाधित झाल्याचे आढळले. 'सुई टोचल्याशिवाय ताप उतरत नाही' ही आपल्याकडची समजूत त्यामुळे धोक्याची आहे. रक्तपेढीतील रक्ताची तपासणी 1989 पासून सक्तीची आहे, पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर 1998 पासून बंदी आहे, आणि त्यामुळे ती वाट बरीच अरुंद झाली आहे.

निपाणीतील एक महाविद्यालयीन तरुण : "आता कुणी एड्सने मेलेले ऐकू येत नाही. पूर्वीचे आकडेही फुगवलेले होते असे वाचले. मग या विषयावर अजून एवढे का लिहायचे? आणि माझा मोठा भाऊ औषधावर आहे, त्याला गोव्यात नोकरी लागली आहे. त्याने औषध कुठे घ्यायचे?"

आकडे बदलले हे खरे आहे. 2007 पर्यंत देशात 52 लाख बाधित असल्याचे मानले जाई. मी वर उल्लेखिलेल्या 2005-06 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानंतर ती संख्या सुमारे 25 लाखांवर आणली गेली. पूर्वीचा अंदाज मुख्यतः ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांवरून बांधलेला होता, म्हणून तो चढा निघाला. त्यात कुणी जाणूनबुजून फुगवल्याचे मला दिसत नाही. आजही देशात 25 लाखांच्या आसपास लोक बाधित आहेत, पण याचा अर्थ काही बदलले नाही असा नाही. 2010 ते 2023 या काळात दरवर्षी होणाऱ्या नव्या लागणी 40 टक्क्यांहून अधिक घटल्या, आणि पूर्वी जी माणसे दोन-चार वर्षांत गेली असती ती आज औषधामुळे जगत आहेत, शेती करत आहेत, लेकरांची लग्ने लावत आहेत. तुमचा भाऊ त्यांच्यातलाच एक. मृत्यू ऐकू येत नाहीत ते औषधामुळे, आणि औषध रोज घ्यावे लागते.

शिवाय वाटा बदलल्या आहेत. मिझोराममध्ये प्रौढांतील प्रमाण आज अडीच टक्क्यांच्या वर आहे, आणि तिथे सुईने घेतल्या जाणाऱ्या अमली पदार्थांचा वाटा मोठा आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपर्यंत आणि जोगते-तृतीयपंथी मंडळींपर्यंत आपल्या भागातील कार्यक्रम उशिरा पोहोचले. वस्तीत जाऊन बायांना गाठता येत होते, पण आता ओळखी मोबाइलवर होतात, ठिकाण रोज बदलते, आणि तिथे निरोध घेऊन कुणी कार्यकर्ती उभी नसते. तुमच्या वयाच्या मुलांनी साथीचा तो काळ पाहिलेला नाही, म्हणून त्यांना भीती नाही. भीती नसणे मला चांगलेच वाटते, मात्र त्यासोबत माहितीही उरलेली नाही, याची काळजी वाटते.

भावाच्या औषधाचे असे करावे. निघण्यापूर्वी सध्याच्या एआरटी केंद्रात जाऊन बदलीची कागदपत्रे मागायची. देशातील कोणत्याही एआरटी केंद्रात त्यावर औषध विनामूल्य मिळते, राज्य बदलले तरी अडचण नाही. नोकरीचे ठिकाण पक्के नसेल तर बदली न घेता, प्रकृती स्थिर असल्यास, एकाच वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि पुढची तारीख गावी येण्याच्या सणाशी जुळवून घ्यावी. गोळ्यांची बाटली बॅगेत टाकून दिली तर प्रवासात हरवते, म्हणून चार दिवसांच्या गोळ्या खिशात वेगळ्या ठेवाव्यात. मालकाला आजार सांगण्याचे कायद्याने कोणतेही बंधन त्याच्यावर नाही, आणि नोकरी देण्याची अट म्हणून त्याची एचआयव्ही तपासणीही करता येत नाही. खोलीवरच्या मित्रांपैकी एकाला तरी विश्वासात घेतले तर बरे, कारण रात्रपाळी लागली की गोळीची वेळ चुकते आणि आठवण करून देणारे जवळ कुणीतरी असावे लागते.